शेऱ्याची चौकट

आमच्या धंद्यात माणसं वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर काम करतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. ही तक्रार नव्हे हं. मला ते आवडायचं. चारकोपच्या माझ्या वन रूम किचनमध्ये खिडकीकडे पाठ करून बसायचं, चहा संपेपर्यंत कुठून कुठून आलेले निरोप वाचायचे आणि कामाला लागायचं. दिवसभर कोणाचं तोंड बघायला नको. आई होती तेव्हा विचारायची, "मंगल, तू नक्की काम करतेस ना गं? तुझ्यावर कधी कोणी ओरडताना ऐकलं नाही." आई गेल्यावर हे विचारणारंही घरात कोणी राहिलं नाही.

धंदा काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही पान उलटाल. कारखान्यात ऑर्डर येते, कच्चा माल मागवतात, माल तयार होतो, बाहेर जातो, बिल होतं, कामगारांचा पगार होतो. हे सगळं एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर असतं. मोठ्या कंपन्या ते विकत घेतात. आमचं ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना उघडा. वाचा, वापरा, बदल सुचवा. जगभरातली माणसं मिळून ते सांभाळतात, गल्लीतल्या गणपती मंडळासारखं. मांडव घालायला चारपाच जण, प्रसादाला सगळे. मी मांडव घालणाऱ्यांतली. माझं पोट चालायचं ते साकीनाका, घाटकोपर, चारकोपच्या छोट्या कारखान्यांत ते बसवून देण्यावर आणि पुढे त्याची देखभाल करण्यावर.

आता मंडळ म्हटलं की दोन तट आलेच. एक तट म्हणतो, नवीन करा, जग कुठे चाललंय बघा. दुसरा म्हणतो, चालतंय ना? मग हात लावू नका. दर वर्षी नवं व्हर्जन यायचं, झकास दिसायचं. मी मात्र जुन्या व्हर्जनची राखणदार. त्यात नवं काही घालायचं नाही. मोडेल ते दुरुस्त करायचं, सरकारने बिलाचा नमुना बदलला तर तेवढं बदलायचं. बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. मला विचाराल तर कारखान्याच्या सॉफ्टवेअरसारखी कंटाळवाणी गोष्ट दुसरी नसावी. मालकाला आज कालच्यासारखंच दिसायला हवं असतं. त्याला कोणी सकाळी सकाळी नावीन्य दाखवलं तर तो आईबहिणीवरून सुरू होतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आमच्यात एक पद्धत आहे. स्वतः केलेला बदल स्वतः मंजूर करता येत नाही. तुम्ही कितीही जुने असा, कितीही शहाणे असा, दुसऱ्या कोणीतरी तो ओळीओळीने वाचायचा आणि खाली "पाहिलं, ठीक" लिहायचं. मगच तो आत जातो. जुन्या व्हर्जनला राखणदार आम्ही दोघंच. मी, आणि पोर्तुगालमधल्या कुठल्याशा गावातला लुईश. मी लिहायचं, त्याने वाचायचं. त्याने लिहायचं, मी वाचायचं. दोघांचंही इंग्रजी यथातथाच, त्यामुळे गैरसमज व्हायला जागाच नव्हती.

त्याची माझी पहिली गाठ पडली ती भांडणातून. साकीनाक्याला पेडणेकर बंधूंचा स्प्रिंगांचा कारखाना. स्प्रिंगा तयार झाल्या की दोन गल्ल्या पलीकडे प्लेटिंगला जातात, म्हणजे त्यांच्यावर जस्ताचा मुलामा चढवतात. पाठवताना वजन करायचं, परत आल्यावर वजन करायचं. सॉफ्टवेअर माल परत घ्यायलाच तयार नाही! म्हणे, पाठवल्यापेक्षा जास्त परत कसा आला? अहो, जस्त चढलं ना वर! मी थोड्या वाढीव वजनाला परवानगी देणारा बदल लिहिला. लुईशने खाली लिहिलं, "तुमच्याकडे चोर माल आणून ठेवतात का?" मी चिडून त्याला मुलामा म्हणजे काय ते लांबलचक समजावलं. त्याचं उत्तर आलं, "समजलं. मी मूर्ख. पण हे उद्या मोडलं तर कळणार कसं?"

हे त्याचं पालुपद. प्रत्येक बदलाखाली. हे मोडलं तर कळणार कसं? म्हणजे बदलासोबत एक छोटी चाचणी लिहायची, पुढे कोणी नकळत धक्का लावला तर ती बोंब मारते. सुरुवातीला डोक्याला ताप वाटायचा. मग मी चाचणी आधीच लिहून ठेवायला लागले, आणि तो लिहायचा, "विचारायला काही ठेवलं नाहीत." तेवढ्यावर माझा दिवस चांगला जायचा. हसाल तुम्ही, पण जायचा.

तो माणूस कसा दिसतो मला माहीत नाही. फोटोच्या जागी एक लिंबू होतं. त्याला ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा खपायची नाही. खूष असला की वाक्यं आखूड व्हायची. कामापलीकडचं एकदाच लिहिलं त्याने, "आज इथे खूप वारा आहे, घर वाजतंय. बदल ठीक." मी "आभार" लिहून मोकळी झाले.

आता पेडणेकर बंधूंविषयी सांगायला हवं. थोरले भाई, धाकटे सुधीर. कारखान्याच्या पोटमाळ्यावर ऑफिस, त्यात दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून. खुर्ची मागे सरकवली तर एकमेकांना लागेल इतकी जवळ. आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. कित्येक वर्षांपासून. कारण मी विचारलं नाही. कामगारांत कोणी म्हणायचं गावच्या जागेवरून, कोणी म्हणायचं कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून. कारखाना मात्र व्यवस्थित चालला होता, आणि तो कसा, हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला होता.

सॉफ्टवेअरमध्ये खरेदीला मंजुरी लागते. सुधीर तारेची ऑर्डर टाकणार, भाई ती मंजूर करणार. मंजुरीखाली शेरा लिहायला एक छोटी चौकट. बाकी सगळे ती रिकामी सोडतात. हे दोघं तिच्यात बोलायचे. भाई टकटक करून लिहिणार, "या पार्टीची तार कडक येते." पाठीमागे सुधीरच्या स्क्रीनवर ते उमटणार. तो लिहिणार, "यावेळी नमुना तपासलाय." भाई मंजूर करणार. मान कोणी वळवायची नाही.

मी एकदा न राहवून म्हटलं, "भाई, तो इथेच बसलाय हो, हाताच्या अंतरावर. बोला ना."

भाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "काय गो बाय, बोलता येता म्हणान बोलूकच होया काय?"

मी हा किस्सा त्या दिवसांत भेटेल त्याला सांगायचे. लुईशला सांगितला नाही, कारण तो कामाचा नव्हता.

मग एके दिवशी लुईशकडून उत्तर यायचं थांबलं.

आधी वाटलं सुट्टीवर असेल. माझा एक बदल त्याच्या नावे पडून होता, त्यापुढे पिवळा ठिपका, म्हणजे अजून वाचलेलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन बसले की तो ठिपका. मी खाली आठवणीचा निरोप टाकला. मग दुसरा टाकला. तिसऱ्यांदा मेल केली, ती परत आली, पत्ता बंद. आजारी आहे? कंटाळला? गेला? कोणाला विचारणार? त्याचं आडनाव मला माहीत नव्हतं. गाव माहीत नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस माझं लिहिलेलं प्रत्येक अक्षर वाचत होता, आणि तो मेला असता तर मला कळवायचं असं त्याच्या घरी कोणाच्या डोक्यात येण्याचं काही कारणच नव्हतं. चारकोपला मी कोणाजवळ रडणार होते? शेजारच्या काकूंना काय सांगणार, की एक लिंबू दिसेनासं झालं?

आणि इकडे कामाची वाट लागत चालली होती. सरकारने बिलाचा नमुना बदलला. माझा बदल लिहून तयार, पण वाचायला दुसरं कोणी नाही, म्हणून आत जाईना. वर नियम असा, की ज्या व्हर्जनला दुसरा राखणदार नाही ते बंद करायचं. हा नियमही बरोबरच आहे, मीच कधीतरी त्याच्या बाजूने हात वर केला होता. काहींनी सुचवलं, तुझ्या गिऱ्हाइकांपुरती वेगळी प्रत कर, हवं ते घाल, कोण विचारतंय? मला ते पटलं नाही. दुसऱ्याने न वाचलेलं कारखान्यात चालवायचं म्हणजे उद्या मी आजारी पडले की त्यांना वाली नाही.

म्हणून पेडणेकरांकडे नवं व्हर्जन चालवून बघायचं ठरवलं. नव्या व्हर्जनची मुख्य होती राधिका, मुलुंडची. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, हुशार, फटकळ. सगळ्यांसमोर तिने एकदा लिहिलं होतं, "जुन्या व्हर्जनला आता हार घालून मोकळे व्हा." मी तिला तेव्हा जे उत्तर दिलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

नवं व्हर्जन देखणं होतं, खोटं कशाला बोलू. प्लेटिंगच्या वजनाची सोयही त्यात होती, माझी आणि लुईशची चाचणी कोणीतरी जशीच्या तशी उचलून नेली होती. सुधीरने पहिली ऑर्डर टाकली. भाईंनी ती उघडली. खाली दोन मोठी बटणं, मंजूर आणि नामंजूर. शेऱ्याची चौकट नाही.

भाईंनी स्क्रीन वरखाली केली. मग माझ्याकडे बघितलं. मग नामंजूर दाबलं.

मागून सुधीरचा आवाज आला, "मॅडम, विचारा त्यांना, काय कारण?" त्याने पुन्हा ऑर्डर टाकली. भाईंनी पुन्हा नामंजूर केली. "मॅडम, टाइमपास चाललाय काय इथे?"

भाई मला म्हणाले, "तेका सांग, गेल्या खेपेक ही तार तुटली होती."

मी मधे उभी. दोघांच्याही कानांवर सगळं पडत होतं. तरी मी वळून सुधीरला सांगितलं, "ते म्हणतायत, गेल्या वेळी तार तुटली होती." सुधीर मला म्हणाला, "त्यांना सांगा, ती वेगळी पार्टी." मी वळून भाईंना सांगितलं. असं मी काही दिवस केलं. रोज साकीनाक्याला जायचं आणि पोटमाळ्यावर शेऱ्याची चौकट म्हणून उभं राहायचं. सुरुवातीला हसू आलं, पण मी नसले की ऑर्डरी अडायच्या. एकदा मला यायला दुपार झाली तर खाली यंत्रं बंद, तार नाही, कामगार पायऱ्यांवर बसलेले. दोघं पोटमाळ्यावर पाठीला पाठ लावून गप्प. मला त्या दोघांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांची भीतीही वाटली. हा कारखाना बंद पडला असता तर शेऱ्याच्या चौकटीपायी पडला असता, आणि हे कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

मी राधिकाला लिहिलं, चौकट परत घाला. तिचं उत्तर, "कोणी वापरत नव्हतं. मोजून काढलंय." मी लिहिलं, मोजलेत कोणाला? तुमची मोजणी इंटरनेटवरून येते, आणि माझे कारखाने सर्व्हरला इंटरनेट लावतच नाहीत. जे तुमच्या मोजणीत येत नाहीत ते नाहीतच, असं कसं? वापरणारे आहेत. यायचं तर साकीनाक्याला या.

मला वाटलं नव्हतं, पण ती आली. पाठीवर सॅक, मेट्रोतून उतरून थेट. मी मुद्दाम त्या दिवशी पेडणेकरांचं जुनं व्हर्जन सुरू करून ठेवलं होतं. आम्ही दोघी भिंतीकडच्या बाकावर बसलो, तिथून दोन्ही स्क्रीन दिसायच्या. सुधीरने तारेची ऑर्डर टाकली. भाईंनी टकटक करून लिहिलं, "नमुना बघितलास?" सुधीरने लिहिलं, "हो." भाई थोडा वेळ थांबले. मग एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, "जेवलास?" सुधीरने लिहिलं, "हो. तुम्ही?" भाईंनी मंजूर दाबलं.

राधिका माझ्या कानाशी कुजबुजली, "मॅम, यार, हे व्हॉट्सॲपवर का नाही करत?"

भाईंचे कान तिखट. वळून म्हणाले, "व्हॉट्सॲपार लिवलंय तर बोलल्यासारख्या होतला, बाय. ह्या कामाचा आसा."

राधिका हसली. मला हसू येईना. मी खाली जाऊन यंत्रांजवळ उभी राहिले. इतकी वर्षं मी ज्यांची गंमत सांगत फिरले, ते दोघं माझ्यापेक्षा पुढे गेले होते. एकमेकांना जेवलास का विचारण्यापर्यंत. मी तिथवरही पोचले नव्हते. वाऱ्यात ज्याचं घर वाजत होतं त्याला मी विचारलंसुद्धा नव्हतं, की बाबा, छप्पर ठीक आहे ना?

राधिका मागोमाग खाली आली. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून म्हणाली, "तुमचा बिलाचा बदल मी वाचते. जुन्यात जाऊ दे. पण हा शेवटचा हं, मॅम. नंतर ते व्हर्जन बंद. चौकट नव्यात घालू, पण ती तुम्ही लिहायची. मी नाही लिहिणार. मला नाही कळत त्यात काय आहे ते."

मला नाही म्हणायचं होतं. जुनं व्हर्जन बंद म्हणजे माझी आणि लुईशची जागा बंद. पण वर दोन म्हातारे होते, आणि खाली यंत्रं चालू होती. मी म्हटलं, "बरं."

साठी उलटल्यावर नवीन पद्धतीने कोड लिहायला शिकणं म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. माझा पहिला प्रयत्न राधिकाने परत पाठवला. दुसराही. तिसऱ्याखाली तिने लिहिलं, "छान आहे. पण हे मोडलं तर कळणार कसं?" मी लगेच फोन करून विचारलं, हे वाक्य तुला कुठे मिळालं गं? म्हणाली, "जुने रिव्ह्यू वाचून तर शिकलो ना आम्ही सगळे. तुमचे आणि त्या लिंबूवाल्याचे. कोण होता तो?"

मला सांगता आलं नाही. वय काय, घरी कोण, काहीच नाही. म्हटलं, "त्याला ओळीच्या शेवटी मोकळी जागा खपायची नाही." ती म्हणाली, "हो, ते दिसतं."

चौकट आता पेडणेकरांकडे चालू आहे. भाईंना नवी चौकट मोठी वाटते, इतकं बोलायचंय कोणाला, म्हणतात. पण शेवटच्या वेळी ती पाठवताना झालं ते सांगायचं राहिलं. बदल पाठवताना कोणाला वाचायला द्यायचा हे विचारतात. त्या भागातला कोड पूर्वी कोणी हाताळला त्यावरून यंत्र आपणच नावं सुचवतं. त्याने दोन सुचवली. राधिका, आणि लुईश. शेऱ्याची ती मूळ चौकट त्याने लिहिली होती, माझ्याही आधी, हे मला त्या दिवशी कळलं.

मी दोन्ही नावांवर खूण केली. खाली शेरा लिहायची जागा होती. आधी सवयीने कामाचं लिहिलं, चाचणी जोडली आहे वगैरे. मग त्याखाली लिहिलं, "लुईश, वारा थांबला का? जेवलात का?"

सगळ्या मंडळाला दिसेल अशा जागी. साठीच्या बाईने. लाज वाटली, पण खोडलं नाही.

राधिकाने वाचलं असणारच. तिने त्याखाली फक्त "पाहिलं, ठीक" लिहिलं. एकीचं उत्तर आलं की बदल आत जातो, तसा तो गेला. लुईशच्या नावापुढे पिवळा ठिपका अजून आहे. राधिका परवा म्हणाली, "मॅम, त्यांचं नाव काढून टाकू का? उगाच अडकल्यासारखं दिसतं."

मी म्हटलं, "राहू दे गं. मी विचारलंय त्याला."